मागे कोण खोकतंय?

२ जून, सकाळी ९
आजपासून पेज सुरू. नाव ‘खरं आरोग्य’. जगात रोज संशोधन होतं आणि लोकांना पत्ताच नसतो. मी सांगणार. इंग्रजीतलं शोधायचं, फोनवर भाषांतर करायचं, सोपं करून बोलायचं. तोंड दाखवायचं नाही. फक्त हात, कागद आणि आवाज.

नववीत सायन्सच्या बाईंनी हृदयाची आकृती हातात देऊन वर्गासमोर उभं केलं होतं. ‘झडप’पर्यंत पोचले आणि आवाज गेला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. सगळे म्हणतात हिची शाळा सुटली. चूक. मी शाळेला सोडलं.

संकल्प: रोज एक व्हिडिओ. महिन्यात दहा हजार फॉलोअर. दादाला कळू द्यायचं नाही.

दुपारी १
रेकॉर्डिंग. टेक एक: बाबा खोकले. टेक दोन: बाबा खोकले. नवव्या टेकपर्यंत हेच. बाबा बाहेरच्या खोलीत सोफे-खुर्च्यांना नवी कव्हरं चढवतात. सध्या एका सिनेमा हॉलच्या एकशेवीस खुर्च्यांची ऑर्डर आहे. जुना फोम फाडला की पिवळा भुगा उडतो. म्हणून खोकला. फोमचा आहे, विशेष काही नाही. पण माणसाने काम करायचं कसं?

दुपारी ३
कपाटात बसून रेकॉर्ड केलं. रजयांच्या मध्ये. आवाज झकास. थोडी गुदमरले, पण विज्ञानासाठी.

५ जून
पहिला व्हिडिओ टाकला. ‘दुपारची झोप घेतल्याने स्मरणशक्ती दुप्पट.’ मागे एक खोकला राहिलाच, पण बारीक आहे.
फॉलोअर अकरा. त्यातले दोन दादाच. दोन अकाउंट आहेत त्याची. एकावरून विचारलं, ताई तुम्ही विहिरीतून बोलता का. दुसऱ्यावरून त्यालाच हसला.
तिसरा संकल्प रद्द.

६ जून
एक फॉलोअर आहे. फोटोच्या जागी निळी छत्री. बाई आहे बहुतेक. तिने विचारलं की हे संशोधन माणसांवर झालंय की उंदरांवर?
जळतात लोक. अकरा फॉलोअर झाले की सुरू.

६ जून, संध्याकाळी
पूर्ण वाचलं. उंदीर. बारा.
पण उंदीरही सस्तनच. शिवाय मी कुठे म्हटलं होतं की माणसाची स्मरणशक्ती? खाली बारीक अक्षरात ‘(उंदीर)’ लिहिलं. दादाने रात्रीच्या जेवणात विचारलं, आज दुपारी झोपलीस का गं उंदरे.
नवा संकल्प: आधी उंदीर आहेत का ते बघायचं.

११ जून
चार दिवस व्हिडिओ नाही. चारही संशोधनं उंदरांवर निघाली. माणसांवर कोणी काही करतच नाही का? पाचवं माशांवर होतं.

१४ जून
आईने बाबांची पॅन्ट दिली, कंबर घे म्हणाली. महिन्यात तिसऱ्यांदा घेतेय. हल्लीचं कापडच खराब, दोन धुण्यांत सैल पडतं. दुकानदारांबद्दल एक व्हिडिओ करायला हवा, पण तो आरोग्यात बसत नाही.
बेकरीतल्या कामावरून आल्यावर आई बाबांना म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन या, किती दिवस नुसतं सिरप पिणार. बाबा म्हणाले, एवढ्या खुर्च्या होऊ देत. आई म्हणाली, मागच्या वेळी एवढे सोफे होऊ देत म्हणाला होतात. बाबा हसले, मग खोकले. विषय संपला.
यांच्या बोलण्यात माझं स्क्रिप्ट राहिलं.

१७ जून
आता मोहीम! उंदीर बिंदीर पुरे. जनजागृती. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरचा आईने फोटो काढून आणला: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. टीबी बरा होतो, पण वेळेत कळला पाहिजे. लाजू नका.
‘लाजू नका’ हे मी फार जोरात बोलणार आहे.

१९ जून
मोहिमेचा व्हिडिओ. कपाटाचं दार बंद केलं तरी खोकला आत येतोय. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त’ म्हटलं की बाहेरून बरोबर खोकला. परत म्हटलं, परत खोकला. ठरवून केल्यासारखं.
एकविसाव्या टेकनंतर बाहेर गेले. बोलले काही नाही, खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट बाबांसमोर ठेवलं आणि उभी राहिले. बाबांना कळलं. स्टेपल गन खाली ठेवली, म्हणाले, तुझं होईपर्यंत मी जिन्यात जाऊन बसतो.
किती समजूतदार. बाविसावा टेक ओके. फक्त जिन्यात आवाज घुमतो.

२२ जून
तीन हजार दोनशे लोकांनी बघितला!!! एका काकूंनी लिहिलं की आमच्या ह्यांना आजच घेऊन जाते. एकाने आपल्या सासऱ्यांना पाठवला. निळ्या छत्रीने लिहिलं, छान आणि बरोबर सांगितलंस, असंच सांगत जा.
छत्री तशी वाईट नाही.
आरोग्यक्षेत्रात माझं नाव होणार हे मला नववीतच कळलं होतं.

२३ जून
शोध लागला. अ‍ॅपमध्ये ‘मागचा आवाज काढा’ असं बटण आहे. दाबलं की बाबा गायब. पंखा गायब, स्टेपल गन गायब, खोकला गायब. नुसती मी. आता जिन्यात जायची गरज नाही, असं बाबांना सांगायचं होतं. ते आधीच जाऊन बसले होते. जाऊ दे.

२६ जून
लक्षणांचं कार्ड बनवलं. स्केचपेनने.
– दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
– वजन उतरणं
– संध्याकाळी बारीक ताप
– झोपेत घाम
– भूक मंदावणं
घामाचं चित्र जमत नव्हतं. उशी काढली, तिच्यावर ओला डाग. बाबांची उशी समोर ठेवूनच काढलं, तिच्यावर रोजचाच असतो. पंखा जुना झालाय. दादाला सांगून सांगून थकले, बघत नाही.
कार्ड सातशे लोकांनी शेअर केलं. चित्र अगदी खरं वाटतं म्हणाले.

३० जून
फॉलोअर चार हजार एकशे सहा. दहा हजार नाहीत, पण महिना तीस दिवसांचा होता.
लोक म्हणतात लाइव्ह या, आम्हाला प्रश्न विचारायचेत. लाइव्ह म्हणजे आवाज थेट जातो. कापता येत नाही. ‘झडप’ आठवलं.
येणार. तोंड थोडंच दिसणार आहे? शुक्रवारी दुपारी चार. तेव्हा बाबा खुर्च्या पोचवायला जातात.

३ जुलै, दुपारी ३:५०
तयारी पूर्ण. पाणी, कार्ड, पोस्टर, फोन शंभर टक्के चार्ज. टेम्पोवाला आला नाही. बाबा घरीच.
चालेल. ‘मागचा आवाज काढा’ आहेच.

दुपारी ४:४०
लाइव्हमध्ये ते बटण चालत नाही.

संध्याकाळी ६
काय झालं ते शांतपणे लिहिते.
सुरुवात उत्तम. आवाज थरथरला पण फुटला. दोनशे लोक. लिहिलेलं सगळं वाचून झालं. मग प्रश्न. पहिलाच आला: ताई, मागे कोण खोकतंय?
दुसरा: मला वाटलं मुद्दाम टाकलेला इफेक्ट आहे, एकदम भारी.
तिसरा: अहो, पहिल्या व्हिडिओतही हाच खोकला आहे. झोपेच्या. मी जाऊन बघितलं.
मी म्हटलं, तो फोमचा खोकला आहे. फोमचा भुगा उडतो.
निळी छत्री म्हणाली की पहिला व्हिडिओ पाच जूनचा. आज तीन जुलै. हे चार आठवडे झाले. फोमने ताप येतो का? वजन उतरतं का? घरात कोणाचं उतरलंय का ते बघ.
मला तेव्हा पॅन्ट दिसली. कंबरेला आत दुमडलेलं कापड, तीन पट्ट्या. मीच घेतलेली.
मागे बाबा परत खोकले. कोणीतरी लिहिलं, अरेरे.
मी लाइव्ह बंद केलं.

संध्याकाळी ७
पेजवर लिहिलं: नेट गेलं, क्षमस्व.
निळ्या छत्रीला ब्लॉक केलं.

४ जुलै
ती कोण लागून गेली? म्हणे वजन. बाबा आधीपासूनच सडपातळ.
दुपारी जुने फोटो बघितले. सडपातळ नव्हते.
छत्रीला अनब्लॉक केलं. तिचा ब्लॉकच्या आधीचा मेसेज पडलेला होता: रागावू नकोस गं. मी वीस वर्षं नर्स होते. तपासणीला जाऊन ये, एवढंच. आणि बोलायचं कसं ते कळत नसेल तर तुझाच व्हिडिओ बघ, त्यात तू छान बोलतेस.
बघितला. ‘लाजू नका’ला खरंच छान बोलते.

५ जुलै, सकाळी १०
आज बाबांना सांगणार. साधी गोष्ट आहे. चार हजार लोकांना सांगितलंय, एका माणसाला काय.

सकाळी १०:१५
जाऊन उभी राहिले. बाबा म्हणाले, चार्जर हवाय का. मी हो म्हटलं. चार्जर घेऊन आले.

सकाळी ११:३०
परत गेले. बाबा म्हणाले, भूक लागली का. हो म्हटलं. दोनदा नाश्ता झाला.

दुपारी २
उपाय सुचला. बाबांची ऑर्डरची चिठ्ठी असते, गिऱ्हाइकाचं नाव, माप, काम. भिंतीवर तार आहे, तिच्यात ओवलेल्या असतात. एक काम झालं की पुढची चिठ्ठी. मीही चिठ्ठी लिहिली: ‘खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त. तपासणी.’ आणि बाबा पाणी प्यायला उठले तेवढ्यात तारेत ओवली. ते वाचतील, जातील. बोलायची गरजच नाही.

संध्याकाळी ५
बाबांनी वाचली. मी दाराच्या फटीतून बघत होते. चष्मा वर करून वाचली, खाली करून वाचली. मग होती तिथेच ठेवली. त्यांच्याकडे नियम पक्का. ज्याची चिठ्ठी आधी त्याचं काम आधी. माझ्यापुढे हॉलच्या चौसष्ट खुर्च्या, एक डॉक्टरबाईंचा सोफा आणि कोणाचीतरी आरामखुर्ची.
महिनाभर माझा नंबर लागत नाही.

६ जुलै
झोप नाही. सात वाजता उठले, तारेवरून माझी चिठ्ठी काढली आणि सगळ्यात पुढे ओवली. बाबा आले. मी तिथेच उभी. आवाज गेला. पण या वेळी मी पळाले नाही, पळायला दार बाबांच्या मागे होतं.
म्हटलं, बाबा, खोकला.
बाबा म्हणाले, फोमचा आहे गं.
म्हटलं, फोमने पॅन्ट सैल होत नाही.
हे मी म्हटलं. मी. मोठ्याने. स्वयंपाकघरातून आईने भांडं ठेवल्याचा आवाज आला.
बाबा खुर्ची ओढून बसले. हॉलच्या चौसष्टांतलीच एक, अर्धी फाडलेली. म्हणाले की तुझे सगळे व्हिडिओ बघतो मी, जिन्यात बसून. ते दोन आठवड्यांचं तर चारदा बघितलं. मग वाटलं, एवढ्या लोकांना सांगतेस आणि मला काही बोलत नाहीस. म्हणजे माझा खोकला त्यातला नसणार. तुला कळलं असतंच ना.
मी तारेवरची चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.
आई बाहेर आली, हात पुसत. म्हणाली, चप्पल घाला, दोघांनी.

६ जुलै, दुपारी
आरोग्य केंद्र. बाबांना थुंकीसाठी डबी दिली. एक्स-रे झाला. नर्सबाईंनी विचारलं, किती दिवस झाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला तारखा पाठ होत्या. सांगितल्या. त्या म्हणाल्या, अरे वा, बरीच पक्की आहेस. मी खाली बघितलं.

१० जुलै
टीबी आहे.
बरा होतो. सहा महिने गोळ्या. मला माहीत आहे, माझ्याच व्हिडिओत सांगितलंय. तरी तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, होतो, पण चार आठवडे आधी आला असतात तर आजार एवढा पसरला नसता. बाबा म्हणाले, खुर्च्यांमुळे राहिलं हो. माझं नाव घेतलं नाही.
घरातल्या सगळ्यांची तपासणी. सुई बघून मी संडासात जाऊन दार लावलं. बाहेरून दादा ओरडला, लाजू नका! पूर्ण केंद्र हसलं. दादाला कधीतरी बघून घेईन. सध्या त्याला माफ, तो खिडक्या उघड्या राहाव्यात म्हणून खिळे ठोकतोय. पंखाही दुरुस्त केला.
आमचे सगळ्यांचे रिपोर्ट ठीक.

१२ जुलै
पेजवर लिहिलं: मागे खोकत होते ते माझे बाबा. टीबी निघाला. मला ऐकू येत होतं, मी बटण दाबून काढून टाकत होते. उद्यापासून गोळ्या सुरू.
दोनशे तेरा लोक पेज सोडून गेले. नळाला हात लागला तरी होईल असं एकाने लिहिलं. छत्रीने त्याला झापलं.
दहा हजारचा संकल्प सध्या बाजूला.

१३ जुलै, सकाळी ७
नर्सबाईंनी एक कार्ड दिलंय. एकशेऐंशी चौकोन. रोज गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या आणि मी खूण करायची. चिठ्ठी नाही, व्हिडिओ नाही. तोंडाने विचारायचं.
पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, बाबा, गोळ्या.
मास्कमधून बाबा म्हणाले, मोठ्याने बोल, मशीन चालू आहे.
मोठ्याने बोलले. घेतल्या. तोंड वाकडं केलं. एक खूण.
१७९ बाकी.