तळ्याच्या पश्चिम काठाबद्दल

मी, देवराव श्रावण निनावे, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा विणकर, राहणार नागपूर, हा कागद पूर्ण शुद्धीत लिहितो. घरात कोणाला शंका असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

एक. घर पत्नी जिजाबाईचे. तिच्यानंतर मुलगा जितेंद्र याचे.

दोन. परसातले तळे बुजवू नये. तिथे आमच्या मागाचा खड्डा होता. माग मोडीत गेल्यावर मी तो वाढवून सिमेंटने बांधला. कडा फार बोडक्या दिसत. आम्ही बिनकाठाचे लुगडे कधी विणले नाही, म्हणून मागे वाळा, मधे वेखंड आणि पाण्यावर झुकणारी ब्राह्मी लावली. जितेंद्रने मात्र कर्दळ आणली. तिचे गड्डे सिमेंट फोडतील आणि मग त्याच्या गाडीला जागा होईल, असा माझा संशय आहे.

तीन. सून दामिनी हिला मी विणलेले शेवटचे करवतकाठी लुगडे देऊ नये. पश्चिम काठाचे वेखंड चारदा उपटले गेले. तिच्या नखांत चिखल होता. विचारले तर म्हणाली, "मांजरानं उकरलं असन, बाबा."

चार. इथवर लिहून मी आज सकाळी वाळ्यामागे लपून बसलो. दामिनी जिजाबाईचा हात धरून आली. वेखंड जिजाबाईच उपटत होती, दामिनी चिखलातली मुळे गोळा करत होती.

"पायाले सिमेंट लागलं का पाणी जवळ आलं समजते," ती म्हणाली. "यायले सांगू नको वं. माहे डोळे गेले समजलं तर तळं बुजवून टाकतीन. जीव आहे त्यायचा त्याच्यात."

दामिनीला बाजूला घेऊन विचारले. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणे. चार महिने मी झाडांवर पाळत ठेवली आणि बायकोच्या डोळ्यांत एकदाही पाहिले नाही. याची मला लाज वाटते.

पाच. कलम तीन रद्द, लुगडे दामिनीचे. ते कलम खोडत नाही, मी काय समजत होतो ते तिने वाचावे. पश्चिम काठावर जिजाबाईच्या हयातीत काहीही लावू नये. ब्राह्मी पसरली तर दर आठवड्याला काढावी.

सहा. सह्यांपूर्वी हा कागद जिजाबाईने मागून घेतला. बराच वेळ पाहून "बराबर लिवलं" म्हणाली. कागद उलटा धरला होता. मी तो सुलटा करून हे कलम लिहिले.

आमच्यासमोर देवरावांनी सही केली:
हेमराज पराते, शेजारी
सरिता धकाते, शेजारी

देवराव श्रावण निनावे
नागपूर, १८ नोव्हेंबर २०२५