हात बसायला आठ दिवस

आण्णा, आज रविवार आहे आणि मी कॉलेजच्या लॅबमध्ये एकटीच बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. घरी बसूनही लिहिता आलं असतं, पण हल्ली सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं. इथे निदान पंख्याचा आणि कॉम्प्युटरचा आवाज असतो. कुलूप काढून देताना शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, आज सुट्टीलाबी हितंच व्हय?" मी म्हटलं, काम आहे. इथे बोलणं झालं ते तेवढंच.

पन्नाशीला टेकल्यावर, कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडी करते आहे. विषय सांगते, ऐका. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये काम करणारा एक नसतो, आठ-आठ, सोळा-सोळा असतात. त्यांना कोअर म्हणतात. कुठलं काम कुठल्या कोअरला आणि कधी द्यायचं, याची नवी पद्धत मी शोधते आहे. खऱ्या चिपमध्ये हात घालून असले प्रयोग करता येत नाहीत, म्हणून सिम्युलेटर वापरायचा. तो एक प्रोग्राम असतो. त्यात कोअर खोटे, कामं खोटी, घड्याळही खोटं, पण निघणारं उत्तर खरं मानायचं. "म्हंजी भातुकलीच की," असं तुम्ही म्हणाला असतात आणि मी चिडले असते. माझी पद्धत दिसायला फार गोंडस आहे. एखादा कोअर क्षणभर रिकामा दिसला, की दुसऱ्यावरचं अर्धं झालेलं काम उचलायचं आणि त्याला द्यायचं. सगळ्यांवर भार अगदी सारखा. तीन वर्षं मी हेच करते आहे. आलेख इतके सुरेख आले, की माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रबंध सादर करायची तयारी सुरू केली. सर माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत, पण माणूस बारकाईने बघणारा.

गुरुवारी ते माझी सेटिंगची फाइल चाळत होते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हे शून्य कसं काय?" ती ओळ अशी आहे: अर्धवट काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवलं, तर वेळ किती वाया जातो. कामाला लागणारं सगळं सामान पहिल्या कोअरच्या हाताशी मांडलेलं असतं. नव्या जागी काहीच नसतं, पुन्हा गोळा करावं लागतं. माझ्या फाइलमध्ये त्याचं मोल होतं शून्य. मी म्हणाले, "सर, सॉफ्टवेअरमध्ये ते तसंच येतं."

आणि मग तुम्ही आठवलात. तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतात, बिघडलेले माग दुरुस्त करायचे आणि कुठल्या विणकराला कुठले माग द्यायचे तेही तुम्हीच बघायचात. मी नववीत आहे, मे महिना आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. मागांच्या खडखडाटात विणकर आपसात तेलुगूत ओरडून बोलताहेत. नवा मॅनेजर तुम्हाला सांगतो आहे, की त्या कोपऱ्यातले माग रिकामे आहेत, ह्या माणसाला तिकडे पाठवा. तुम्ही हात पुसत म्हणता, "साहेब, हात बसाय आठ दिस लागत्यात. तवर धागा तुटतच ऱ्हातो. मानूस उचलून ठिवला म्हंजी झालं, असं नसतंय." मला तेव्हा हुशारीची भारी हौस. मी मध्येच म्हणाले, "पण आण्णा, सगळे माग सारखेच आहेत की." तुम्ही माझ्याकडे वळून बघितलं. "तुला लांबून सारखं दिसत्यात. जवळ येऊन बघ, मग बोल." मॅनेजरसमोर बोललात म्हणून मला राग आला आणि तुम्ही जेवत असताना मी पाठ करून उभी राहिले.

आई गेल्यावर तुम्ही कुणाकडे राहायचं, हा प्रश्न आला. दादा माळशिरसला, धाकटा मोहोळला, मी इथे. मी मुलगी, त्यात लग्न न केलेली, म्हणून मला कुणी धरतच नव्हतं. मुलगी म्हणून सूट नको, माझाही वाटा सारखाच, असं मीच भांडून घेतलं. कॉलेजचं वेळापत्रक मीच करते, तेव्हा तुमचंही मीच केलं. दोन महिने इकडे, दोन तिकडे, दोन माझ्याकडे. रंगीत प्रिंट काढून फ्रिजला लावलं. तुम्ही चष्मा लावून ते वाचलं आणि हसलात. "रिटायर झाल्यावबी पाळी सुटंना म्हनायची." मीही हसले. कारखान्यात पाळ्या करून तुमचा जन्म गेला होता, तेव्हा मला वाटलं, गंमत केली.

तुम्ही कपडे बॅगेतच ठेवायचात. मला ते बरंच वाटायचं, निघताना आवरायला नको. एकदा म्हणालात, "हितं भितीला एक खिळा ठोक की. सदरा अडकवतो." मी म्हणाले, "दोन महिन्यांसाठी कशाला भिंत खराब करायची? खुर्चीवर ठेवा." तुम्ही घडी घालून ठेवलात. त्या भिंतीला अजूनही एक भोक नाही.

शुक्रवारी मी त्या ओळीत खरा आकडा घातला आणि सगळे प्रयोग पुन्हा चालवले. काल संध्याकाळी उत्तर आलं. माझी पद्धत सगळ्यांत शेवटी. सगळ्यांत पुढे कोण, तर अगदी साधी, जुनी पद्धत, ज्यात काम जिथे सुरू झालं तिथेच राहू देतात. तीन वर्षं गेली. रडू आलं, आण्णा, पण ते त्या वर्षांसाठी नव्हतं.

ते शून्य सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. तिथे आकडा होता. पहिल्या आठवड्यात काम भराभर व्हावं म्हणून मी तो खोडला, आणि आलेख सुरेख यायला लागल्यावर परत घातला नाही. उद्या सरांना हे सांगणार आहे. प्रबंध लांबेल, कदाचित पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागेल. सांगायची भीती वाटत नाही, याचं मलाच नवल वाटतं. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

शेवटच्या खेपेला तुमची माझ्याकडची पाळी संपली. बॅग दाराशी होती. तुम्ही खुर्चीत बसून चपलांकडे बघत म्हणालात, "आत्ता कुटं हितं जरा हात बसायलाय. आजून आठ दिस ऱ्हाऊ का?" मी घड्याळ बघत होते. म्हणाले, "मग पुढचं सगळंच हलतं, आण्णा. दादाकडे कळवलंय." तुम्ही "बरं" म्हणालात आणि स्वतःच बॅग उचललीत. माळशिरसच्या एसटीत मी तुम्हाला खिडकीची जागा धरून दिली. पाचव्या दिवशी दादाचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय. कुणीच कुणाला दोष दिला नाही.

तुमचे दिवस झाल्यावर दादानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आमच्याकडं आल्यापास्नं गप गप होते. निघताना तुला काय म्हणाले होते का गं?" मी म्हणाले, "नाही."

मघाशी दादाला फोन लावला. त्याला वाटलं, काही झालं की काय. "काय गं, बरी हायस न्हवं?" मी म्हणाले, "सहज केला होता."