लंगोटांचा डबा

३ एप्रिल

बादली! घरभर तिचाच दरवळ. आमच्या लेकीचे, ढमीचे लंगोट भिजत घातलेले आणि झाकण म्हणून वर एक जुनं ताट. नवरा म्हणतो, "मला तर काही वास येत नाही." याला देवानं नाक नुसतं चष्मा टेकवायला दिलंय!

सोमवारपासून माझं ऑफिस. रजा संपली. ढमी दिवसभर थोरल्या जाऊबाईंकडे राहणार. त्या वरच्याच मजल्यावर राहतात. शाळेत खेळाच्या बाई आहेत, आता सुट्टी आहे. आपणहून म्हणाल्या, "मी आहे की!" मी हो म्हटलं खरं, पण जीव खालीवर होतोय. त्यांना मूल नाही. वर्षानुवर्षं दवाखाने झाले, आता तो विषय घरात कुणी काढत नाही. त्या दिसल्या की मी ढमीचे कपडेसुद्धा मागच्या दोरीवर सरकवते. आणि आता शीचे लंगोट त्यांच्या हातात द्यायचे?

८ एप्रिल

ढमीला कुशीत घेऊनच लिहितेय.

घरी आले तर जाऊबाई दारातच. "आधी बस. पाणी पी. मग सांगते." ढमी त्यांच्या कडेवर — नुकतीच न्हाऊ घातलेली, केस ओले. दुपारी त्या आमच्याच स्वयंपाकघरात दूध गरम करायला वळल्या तेवढ्यात ही रांगत मोरीत. बादलीला धरून उभी राहिली, ताट ढकललं आणि ओणवी झाली, डोकं आत! जाऊबाईंनी पायाला धरून ओढली म्हणून वाचली. दोन खोकले, एक भोकाड, संपलं. डॉक्टरांनाही लगेच दाखवून आणलं होतं त्यांनी.

ती नुसतं ताट झाकलेली बादली माझीच. वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून या घरात काही भिजत राहणार नाही. उद्या डबा आणू. कोरडा."

मी रडले. त्या ढमीचं डोकं पुसत राहिल्या.

९ एप्रिल

भांड्यांच्या दुकानात आज जो तमाशा झाला! जाऊबाईंनी साबणाच्या पावडरची मोठी पिशवी उचलून कमरेवर घेतली — "ही ढमी" — आणि एका हातानं एकेक डब्याचं झाकण उघडायला लागल्या. एक फार घट्ट, बाद! एकाची कड बोचते, बाद! एकाचं तोंड एवढं अरुंद की लंगोट कोंबावे लागतील. दुकानदार बघतच राहिला. "बाई, डबा घेताय की शर्यत लावलीय?"

"शर्यतच आहे. मूल वळवळतंय, लंगोट गळतोय, आणि हात एकच मोकळा. तुम्ही करून दाखवा बरं!" पिशवी त्याच्याच कडेवर दिली. बिचाऱ्यानं झाकण पाडलं.

मला मात्र एकच आवडला होता. पायानं उघडणारा, हवाबंद, पांढराशुभ्र, झाकणात सुगंधी वडी. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण म्हणाल्या, "घे. घर तुझं, नाक तुझं."

११ एप्रिल

सुगंधी वडी! झाकण उघडलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. हवा कोंडली की मुताचा असा काही भपकारा साठतो! आणि ढमीनं पायाची पट्टी शोधून काढली. दोन्ही हातांनी दाबते, झाकण उडतं, टाळ्या पिटते.

जाऊबाईंच्या जागी मी असते तर "मी म्हटलं नव्हतं?" दहादा ऐकवलं असतं. त्यांनी नुसता डबा घासला, उन्हात ठेवला, संध्याकाळी काखोटीला मारून दुकानात. वापरलेला माल परत घेत नाही, दुकानदार म्हणाला. "घेऊ नका, फक्त वास घ्या," म्हणाल्या. त्यानं वाकून वास घेतला — आणि लगेच बदलून दिला!

नवा डबा दिसायला अगदीच सामान्य. रुंद तोंड, झाकणाला बारीक भोकं, बाजूला खटका — आपल्याला एका बोटाचा, ढमीला सात जन्मांत न जमणारा. आत घालायला जुन्या चादरीची पिशवी त्यांनीच शिवली. ती तशीच मशीनमध्ये उलटी करायची, डब्यातल्या लंगोटाला पुन्हा हात लावायला नको.

१२ एप्रिल

शी आधी संडासात, लंगोट खळबळून पिळायचा, मग डबा. एक दिवसाआड मशीन. वास — नाही! नवरा म्हणतो, "मी म्हणतच होतो, वास नाहीये."

१९ एप्रिल

ऑफिसातून आले तर जाऊबाई गच्चीवर लंगोट वाळत घालत होत्या. समोरच्या दोरीवर. चिमटे तोंडात, ढमी पायाशी. मी घाईघाईनं म्हटलं, "राहू द्या ताई, मी घालते."

चिमटा काढून म्हणाल्या, "का गं? सगळे असंच करतात. मी आले की बाळ उचलून आत नेतात, कपडे लपवतात. जणू मला दुखेल."

मी खालचा एक लंगोट उचलून त्याच दोरीवर टाकला.

"दुखतं ना. पण लपवलं की जास्त दुखतं." मग हसल्या. "अगं, मला नुसतं मूल मांडीवर घ्यायचं नव्हतं. हे सगळं हवं होतं — शी, शू, रडणं, वाळत घालणं. तू हा डबा माझ्या हाती दिलास, तेव्हा कुठे मला घरात घेतलंस."

काय बाई आहे ही! मी तिला जपत होते. जपणारी तीच निघाली.

२४ एप्रिल

लंगोट घडी घालताना दोघी मिळून गात होतो. दोघीही बेसूर. ढमी खूश.

२ मे

आज ढमी पहिल्यांदा स्वच्छ बोलली — "आई." जाऊबाईंकडे बघून, हात पसरून.

त्यांचा चेहरा पांढराफटक. "मी शिकवलं नाही गं! शप्पथ!"

मला दुखलं. दुखलंच. मग म्हटलं, "ताई, हाक मारतेय ती. ओ द्या की!"