कापलेल्या सहा ओळी

३ मार्च

चि. धाकटीस,
प्रभूमध्ये सलाम आणि थोरलीचे नाइलाजाने आशीर्वाद.

जगातल्या समस्त थोरल्या बहिणींनो, अशी सुरुवात करून आज एक खणखणीत भाषण ठोकावंसं वाटतंय. आपण बोट धरून चालायला शिकवायचं, आपले जुने फ्रॉक आणि वाचून झालेली पुस्तकं द्यायची, आणि धाकटीने पुढे निघून जाऊन मागे वळून हात हलवायचा! हा अन्याय आपण कुठवर सोसायचा? टाळ्या पडल्या असत्या. सभागृह नाही, म्हणून तुलाच ऐकवते.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या मासिकाचा मार्चचा अंक परवा निघाला, तुझ्या गावीही पोचला असेल. आईने चष्मा दोनदा पुसला आणि तुझं पान शेजारच्या शिंपीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मागच्या महिन्यात बसथांब्यावर बाक नाही म्हणून तू लिहिलंस, या महिन्यात तू नर्स आहेस त्या नगरपालिका दवाखान्यातली बाळंतिणींची खोली बंद करून तिथे कर वसुलीची कचेरी थाटणार म्हणून. शिंपीणबाई डोळे टिपत म्हणाल्या की तुमच्या लेकीच्या हातात जादू आहे. त्या पानातल्या अकरा चुका दुसऱ्या लेकीने काढल्या, हे आईला सांगावंसं वाटलं नाही. मुद्रितशोधकाचं असंच असतं. चूक राहिली की सगळं जग त्याला शोधत येतं, नाही राहिली तर तो जन्मलाच नव्हता.

तू म्हणशील, पान आधी तुलाच देत होते. देत होते, बाई. पाळकसाहेब संपादक म्हणून विचारायला आले, तेव्हा मी म्हणाले की माझी भाषणं तासाची असतात, पाऊण पानात माझा घसासुद्धा साफ होणार नाही. आणि गंमत म्हणून तुझं नाव सुचवलं. ती गंमत आता दर महिन्याला माझ्याच टेबलावर तपासायला येते.

या खेपेला तुझा मजकूर सहा ओळी जास्त भरला. आमच्या छापखान्याचा रिवाज तुला ठाऊक आहे. सहा ओळींपर्यंत कात्री मुद्रितशोधकाची, लेखकाला विचारायचं नाही. कापल्या. तुझ्या कीर्तीला काही कमी पडलेलं दिसत नाही.

आईचं गुडघ्याचं तेल संपलंय, ते पाठव. लोभ सगळा तुझ्याच बाजूला वाहतोय, थोडा इकडेही वळव.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सलाम वि. वि.

तेल पाठवलंय. आईला सांग, कोमट करून लावायचं, उकळून नव्हे.

गुरुवारी, सहा तारखेला, नगरपालिकेत सुनावणी झाली. पन्नास जणींनी समोर येऊन हरकत घेतली असती, तर बाळंतिणींच्या खोलीचा विषय पुढे ढकलला गेला असता. मी आदल्या दिवशीच खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. आल्या चौघी. एक मी. एक आमच्या दवाखान्यातली आया. एक जण जन्मदाखल्यासाठी चुकून त्या खोलीत शिरलेली. चौथी नऊ महिन्यांची गरोदर. मला धीर द्यायला आली आणि मलाच तिला बसवून पाणी द्यावं लागलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले की सिस्टर, बायकांनाच नको आहे, तर तुम्ही कुणासाठी भांडताय? मी मांडलेल्या खुर्च्या परत भिंतीला लावल्या, ताई. अठरा वर्षांच्या नोकरीत अशी पहिल्यांदाच हरले.

आज उपासनेला गेले, पण गाणी तोंडातून निघेनात. आजूबाजूला बसलेल्या बायकांची बाळंतपणं मी केली आहेत, त्यांची नावं मला लेकरांसकट पाठ आहेत. आणि त्यांतली एकही आली नाही. मी प्रार्थना करत नव्हते, मनात हजेरी घेत होते.

म्हणून ठरवलं, पान बंद. कुणी हलणारच नसेल तर लिहायचं कशाला? पाळकसाहेबांना कळवते की ते तुला द्यावं. टोमणा नाही, मनापासून सांगते. तुझ्या एका हाकेला सभागृह उठून उभं राहतं, माझ्या पानाला चार माणसं.

छापलेलं स्वतःचं वाचायला मला अजून लाज वाटते, अंक आया घरी नेते. तू कुठल्या ओळी काढल्यास? पसाऱ्यातल्या असतील तर बरंच केलंस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
सलाम. आशीर्वाद द्यायचा आज मला अधिकार नाही.

तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि स्टुलावर बसले. पाळकसाहेबांना काही कळवू नकोस. पान मला हवं होतं, किती हवं होतं ते तुला माहीत नाही. दर महिन्याला तुझा कागद समोर आला की मी पहिलं वाक्य वाचायची आणि मनात म्हणायची, हे मी अधिक जोरकस लिहिलं असतं. शेवट तर वाचवतच नसे. वाटायचं, शेवटची हाक ही माझी खासियत, आणि ही पोरगी माझ्या तालावर माझ्याच टाळ्या घेऊन जाते.

म्हणून त्या दिवशी सहा ओळी जास्त झाल्या तेव्हा मी मधलं काही चाळलं नाही. पट्टी लावली, तळापासून सहा ओळी मोजल्या, रेघ मारली. वाचल्या नाहीत. बावीस वर्षांत न वाचता रेघ मारलेला हा एकच मजकूर, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा.

तुझा हस्तलिखित कागद आज जुने कागद खोचायच्या तारेतून काढला. त्या ओळींत हाक नाहीच. त्यांत आहे गुरुवार, सहा तारीख, सकाळी दहा, कचेरीचं निळं फाटक, आत शिरल्यावर डावीकडची खोली. लहान मुलांना घेऊन या, चटया टाकलेल्या असतील. संपलं. तुझ्या बायका हलल्या नाहीत असं नाही गं, त्यांना कुणी बोलावलंच नाही. मी त्यांच्या दारावरून निरोप परत नेला.

आणि खरं सांगू? वाचूनही पहिल्यांदा हेवाच वाटला. तासभर बोलून मला चटई कधी सुचली नसती.

क्षमा कर म्हणायला जीभ उचलत नाही, तरी म्हणते.
ताई

१८ मार्च

ताई,

सलाम लिहायला दोन दिवस लागले, म्हणून उशीर.

चिडले आहे. ती नऊ महिन्यांची बाई परवा कळा घेऊन आली. खोलीतल्या खाटा मतदानाआधीच हलवल्या होत्या. रेल्वेचं फाटक ओलांडून मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं, आणि फाटक बंद. बाळ रिक्षात झालं. दोघं सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण हे तुला बोचावं म्हणूनच लिहिते आहे.

आता माझंही ऐक. लहानपणी तू व्यासपीठावर उभी राहायचीस आणि लोक मला विचारायचे, तू त्या बोलणारीची धाकटी ना? मला नाव होतं, पण ते कुणाला लागत नव्हतं. पान मिळालं तेव्हा मी पहिला विचार काय केला असेन? आता ताई वाचेल आणि जळेल. तेव्हा फार पुण्यवान समजू नकोस मला.

पण माझी क्षमा मागून भागणार नाही. मी करीन कधीतरी, बहीण आहेस, जाशील कुठे. ज्यांच्या दारावरून निरोप नेलास, त्यांना सांग. शेवटचं मतदान सात एप्रिलला आहे. दोनशे लेखी हरकती तीन तारखेपर्यंत आत गेल्या तर विषय बारगळतो. एप्रिलचं पान तुझं. पाऊण पानच मिळेल.

आईला माझा मुका.
धाकटी

१ एप्रिल, मंडळीच्या मासिकातलं पान

धाकटीच्या गावच्या माझ्या बहिणींनो,
प्रभूच्या नावे सलाम.

तुमच्याबद्दल नगरपालिकेच्या अध्यक्षांनी एक वाक्य म्हटलं आहे. बायकांनाच ही खोली नको आहे, असं. तुमच्यापैकी कुणी रिक्षात बाळंत झाली आहे, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत, आणि तुम्हाला नको असलेलं काय ते एक माणूस घड्याळ बघत ठरवतो.

पण त्याला हे म्हणायची सोय मी करून दिली. मार्चच्या अंकासाठी आलेल्या मजकुरात सुनावणीची तारीख आणि पत्ता होता. तो छापला गेला नाही. पाळकसाहेबांनी सुचवलं की तांत्रिक कारणामुळे असं लिहावं. मी नकार दिला. कारण तांत्रिक नव्हतं. मी या मासिकाची मुद्रितशोधक. तुमची सिस्टर माझी सख्खी बहीण. तिचं पान माझ्या भाषणांपेक्षा जास्त लोकांना भिडतं, याचा मला हेवा वाटला, म्हणून मी त्या ओळी न वाचता कापल्या. हेवा आजही वाटतो. हे पान तपासतानाही वाटतो. तुम्ही मला काय म्हणायचं ते भेटून म्हणा. सिस्टरला मात्र तुम्ही दगा दिलेला नाही, हे तिला तुमच्याच तोंडून कळायला हवं.

गुरुवार, तीन एप्रिल. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. नगरपालिका, निळं फाटक, डावीकडची खोली. प्रत्येकीने स्वतःच्या सहीची किंवा अंगठ्याची एक लेखी हरकत द्यायची आहे. लिहिता येत नसेल तरी या. दाराशी टेबल टाकून मी बसलेली असेन. तुम्ही सांगा, मी तुमच्या शब्दांत लिहीन, एकही शब्द न कापता. गुरुवारी या.