आमच्या विमलचं ते बंबाचं

॥ श्री ॥
जुने शहर, अकोला
२८ एप्रिल १९५७

ती. कुंदाताईस,

विमलचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. ऊन मी म्हणतंय, मोर्णेत पाणी औषधालाही नाही. यंदा आंब्याची डाळ माझ्या हातची झाली आणि कुणी नाक मुरडलं नाही. चार महिने तू अमरावतीहून एक ओळ टाकली नाहीस. रागावलीस ते कळतं मला.

त्या सोशिक सुनेच्या सिनेमाने इथे काय वेड लावलंय म्हणून सांगू! बायका सहा-सहा वेळा बघून आल्या आणि दर वेळी तितक्याच रडल्या. म्हणून आमच्या महिला मंडळाने चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्याचीच टिंगल करायची ठरवली. लिहिलं मी, सून मीच. शेजारच्या चारुशीलेने सासू होऊन कमरेला किल्ल्यांऐवजी कुलपंच बांधली. मी डोळे पुसायला चादर घेतली आणि ती पिळून बादलीत पाणी पाडलं. पन्नास बायका लोळायच्या तेवढ्या बाकी होत्या.

सिनेमात सून शेवटी हात जोडते आणि म्हणते, मला काही नको, हा उंबरठाच माझं माहेर. मीही हात जोडले. म्हणाले, "मला काही नको. फक्त माझं पत्र आलं तर बंबात घालायच्या आधी एकदा वाचू द्या."

हे वाक्य तालमीत नव्हतं, ताई.

जानेवारीत तू तुझ्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकलास ना? शाळेचं पत्र आलं होतं. सकाळी बंबातली राख काढताना मला पाकिटाचा कोपरा सापडला, त्यावर शाळेचा अर्धा शिक्का. सासूबाईंनी घातलं होतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "वकिलाची बायको नोकरी करते म्हटल्यावर बाररूममध्ये मला तोंड दाखवायला जागा उरेल का?" तुला लगेच लिहिलं होतं, पण पत्रं पोस्टात टाकायला हेच नेतात. तुझा अबोला बघून समजले, ते पत्र पोचलंच नाही.

मला वाटलं, पन्नास बायकांपुढे बोलले की सासूबाईंना झाकता येणार नाही. कसली मूर्ख मी! सगळ्या हसल्या. टाळ्या थांबेनात. पुढे बसलेल्या सासूबाई आधी पांढऱ्याफटक पडल्या, मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

तेव्हापासून जिथे हळदीकुंकू, तिथे मला घेऊन जातात. "आमच्या विमलचं ते बंबाचं ऐका हो!" मी हात जोडते, वाक्य म्हणते, बायका हसतात, मला पन्हं मिळतं. काल चारुशीलेला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणे, "अगबाई, चेहरा किती गंभीर ठेवतेस गं!"

ताई, माझा जीव घुसमटतो. या घरातून बाहेर पडायची एक वाट होती, ती माझ्याच तोंडाने बुजवली.

एक माणिकबाई हसली नाही. ती आमच्याकडे फुलं घालते, त्या दिवशी गजरे घेऊन दाराशी उभी होती. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "बाई, तुमचं पत्र खरंच जाळलं काय वो? मले तं हसूच नाई आलं. दुसरं लिहा. पेटीत मी टाकीन." हे पत्र तिच्या टोपलीत, ओल्या फडक्याखालून येतंय. अक्षरं फुटली असतील तर त्यामुळे, रडण्याने नव्हे.

मुख्याध्यापिकाबाईंना सांग, विमलने नकार दिलेला नाही. उत्तर मात्र लिहू नकोस, ते बंबातच जाईल. स्वतः ये. गुरुवारी अक्षय्य तृतीया, आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सासूबाई मला उभं करतील, मी ते वाक्य म्हणेन, सगळ्या हसतील.

तू हसू नकोस. उठून उभी राहा आणि सगळ्यांसमोर विचार, "पत्र कोणी जाळलं?" माझी पिशवी भरलेली असेल.

तुझीच, एवढं तरी खरं मान,
विमल