जंप सीटवरचा साहेब

३ फेब्रुवारी
आज विमान सुरक्षा निरीक्षक म्हणून रुजू झालो. चोवीस वर्षं विमानं उडवली, आता दुसऱ्यांची तपासणार. एअरलाइन का सोडली, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. अनुभवाचा फायदा सगळ्यांना व्हावा म्हणून, असं सांगितलं. शेवटच्या वर्षी लँडिंगच्या वेळी हात थरथरायचे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते कॉफीमुळे होतं. कॉफी सोडली आहे.

टेबल खिडकीपाशी मिळालं. समोर रनवे दिसतो. शिपायाला सांगून टेबल भिंतीकडे फिरवून घेतलं. उजेड डोळ्यांवर येत होता.

६ फेब्रुवारी
पहिलंच काम. एका को-पायलटची कप्तान होण्याआधीची शेवटची चाचणी. कॉकपिटमध्ये दोन पायलटांच्या मागे एक घडीची सीट असते, जंप सीट. निरीक्षकाने तिच्यावर बसून फक्त बघायचं. कशाला हात लावायचा नाही, उगाच बोलायचं नाही. उतरल्यावर मी सही केली की ती कप्तान.

मुलगी माझीच विद्यार्थिनी. सिम्युलेटरवर मीच तिला शिकवलंय. घड्याळ लावून जगते म्हणून सगळे तिला 'काटा' म्हणतात. डोळे मिटून सही करावी इतकी चांगली. पण मी डोळे मिटून सही करणाऱ्यांतला नव्हे. आधी फाइल बघणार, मग विमान.

१४ फेब्रुवारी
फाइलमधला फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना. परत पाठवली.

२ मार्च
नवा फोटो आला. आता सही निळ्या शाईत. परत पाठवली. बायको म्हणाली, फॉर्मवर 'निळी किंवा काळी' असं छापलंय की. फाइल घरी आणायलाच नको होती.

१९ मार्च
जमिनीवरच्या कामाचा धडाका लावलाय. एका दिवसात एकोणचाळीस अग्निशामक नळकांडी तपासली. ऑफिसात माझ्या नावाचा दबदबा आहे असं वाटतं. मी आलो की लोक गप्प होतात.

घरच्या लिफ्टचं सर्टिफिकेट मागितलं. वॉचमन हसला. तेव्हापासून चार मजले चढून जातो. व्यायामही होतो. बायको म्हणाली, चोवीस वर्षं आभाळात काढलीत आणि आता चौथ्या मजल्याला घाबरता होय. घाबरण्याचा प्रश्नच नाही. लिफ्टची दोरी कधी बदलली ते कुणालाच माहीत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

७ एप्रिल
काटा ऑफिसात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, सर, माझ्या बॅचचे दोघंजण कप्तान झाले. माझं काही चुकत असेल तर सांगा, मी सुधारते. प्रक्रिया चालू आहे, असं मी सांगितलं. थँक्यू सर म्हणून निघून गेली.
चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. डबा तसाच परत नेला.

८ एप्रिल
मोठ्या साहेबांनी बोलावलं. फाइल दोन महिने का फिरतेय, विचारलं. मी काही बोलायच्या आत २२ तारखेचं उड्डाण नक्की करून टाकलं.
संकल्प: रोज सकाळी दहा मिनिटं खुर्चीत डोळे मिटून बसायचं आणि आपण जंप सीटवर आहोत अशी कल्पना करायची. दोन आठवडे भरपूर झाले.

९ एप्रिल, सकाळी ६
कल्पनेतल्या विमानाचं दार बंद झालं आणि दरदरून घाम फुटला. पंखा नीट चालत नाही. संकल्प पंखा दुरुस्त झाल्यावर.

२१ एप्रिल
तीनदा ताप पाहिला. तिन्ही वेळा नॉर्मल. थर्मामीटर जुना झालाय.
रात्री जेवलो नाही. स्वतः उडवताना निदान हातांना काम असायचं. उद्या हात मांडीवर ठेवून बसायचं आणि समोर जमीन वर येताना बघायची. बायकोने विचारलं, काय होतंय. ॲसिडिटी म्हणालो.

२२ एप्रिल, दुपारी ४
झालं ते लिहून ठेवतो.
डावीकडे काटा, उजवीकडे तिची परीक्षा घेणारा जुना कप्तान, मागे मी. माझ्यामागे बंद दार आणि दाराच्या पलीकडे एकशे बहात्तर प्रवासी. वर असेपर्यंत ठीक होतं, म्हणजे मी पट्टा धरून होतो. उतरताना सहाशे फुटांवर वारा लागला. पंख जरासा कलला. तिने तो सावरलासुद्धा. तेवढ्यात कुणीतरी 'गो अराउंड' म्हणून ओरडलं.
आवाज माझा होता.
कॉकपिटमधल्या कुणीही हे दोन शब्द उच्चारले की उतरणं सोडून आधी विमान वर न्यायचं, का ते नंतर विचारायचं. हे तिला मीच शिकवलेलं. तिने एका क्षणाचाही उशीर केला नाही. दाराच्या मागून किंकाळ्या ऐकू आल्या. दुसऱ्या फेरीत चाकं कधी टेकली ते कळलंही नाही.
इंजिनं बंद केल्यावर ती वळली. म्हणाली, सर, तुम्हाला काय दिसलं होतं. नंतर सांगतो म्हणालो.

२३ एप्रिल
रिपोर्टमध्ये एक रकाना आहे: गो अराउंडचं कारण. 'विमान अस्थिर' लिहिलं तर ती नापास. 'कारण नव्हतं' लिहिलं तर मी. मधला मार्ग काढला: 'विमान किंचित अस्थिर वाटले.' 'वाटले' हा प्रामाणिक शब्द आहे.
बायकोने वाचलं. म्हणाली, कुणाला वाटलं तेही लिहा.

२५ एप्रिल
विमानाच्या रेकॉर्डरचा आलेख आला. सहाशे फुटांवर एक बारीकसा खळगा, पुढे रेघ पट्टीने आखल्यासारखी. तासभर बघत बसलो. त्या मुलीचे दोन महिने मी खाल्ले आणि आता तिची नोकरीही खायला निघालो होतो.
कच्चा रिपोर्ट फाडला. नवा लिहिला: 'कारण नव्हते. मला भीती वाटली. उमेदवार उत्तीर्ण.' लिहिताना हात अजिबात हलला नाही. उद्या स्वतः साहेबांच्या हातात देणार. असा रिपोर्ट या खात्यात आजवर कुणी लिहिला नसेल. साहेब बहुधा उठून हात मिळवतील.

२६ एप्रिल
साहेबांनी रिपोर्टचं पाकीट उघडलंच नाही. आलेख त्यांनी आधीच पाहिला होता, त्या जुन्या कप्तानाचा रिपोर्टही वाचला होता. काटाच्या फाइलवर काल संध्याकाळी त्यांनीच सही केली. पाकीट परत माझ्याकडे सरकवून म्हणाले, हे राहू द्या तुमच्याजवळ. उद्यापासून मी तळमजल्याच्या गोदामात. लाइफ जॅकेटांच्या मुदतीच्या तारखा तपासायच्या. उड्डाणं नाहीत.
अन्याय आहे. कडक शब्दांत अर्ज लिहायचा ठरवून टेबलापाशी आलो. आधी जेवून घ्यावं म्हटलं. डबा चाटूनपुसून खाल्ला. शेजारच्याने दिलेली पोळीही खाल्ली. अर्ज राहिला.

२८ एप्रिल
काटाचा निरोप आला. कप्तान म्हणून पहिलं उड्डाण ठरतंय, तुम्ही आणि काकूंनी यायलाच हवं, दोन सीट राखून ठेवते. रागाचा एक शब्द नाही. मी लगेच उत्तर पाठवलं: मनापासून अभिनंदन, पण त्या दिवशी नेमकं महत्त्वाचं काम आहे.
बायकोने दोन्ही निरोप वाचले. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, हिने तारीख कुठे कळवलीय.