लाल सुताची पारख

तांडापेठ, नागपूर
१५ सप्टेंबर १९८३

प्रिय देवाजी,

अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. टाकलं असशील तरी तुझं काही चुकलं नाही. इथून कोराडीला बस तासाभरात पोहोचते आणि मला एकोणीस वर्षं लागली, तीही टपालानं. समोर यायची छाती नाही. तू म्हणायचास, "तू भित्रा आहे गा बाबन, पण मनाचा वाईट नाही." त्यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवून मी आजवर सुखानं जगलो.

मोहल्ला आता ओळखू येणार नाही तुला. निम्म्या घरांनी मागाचे खड्डे बुजवून वर खाटा टाकल्या आहेत. सकाळी जाग येते ती रिक्षांच्या भोंग्यांनी, मागांच्या खटखटीनं नाही. तुमच्या घरातले आपले ते दोन शेजारशेजारचे माग आठवतात का रे? माझा धागा तुटला की तू न बोलता हात लांब करून गाठ मारायचास. तुझ्या आई, कुसुमावतीकाकू, अंबाडीची भाजी न् भाकर आधी मला वाढायच्या, मी पाहुणा म्हणून. रोज जेवणारा कसला पाहुणा! माझ्या बायकोनं, वच्छलानं, किती वेळा केली ती भाजी, पण तशी चव नाही. हे तिच्यासमोर म्हणत नाही, अजून जेवायचं आहे मला घरात.

आता मुद्द्याचं. आपल्या विणकर सोसायटीत नवं रंगवलेलं सूत आलं की त्याच्या रंगाची पारख व्हायची. सगळे विणकर वयाप्रमाणे ओळीनं बसायचे. सुताची लडी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत फिरायची. बोटं ओली करून ती चोळायची आणि एकच शब्द बोलायचा, पक्का नाहीतर कच्चा. पहिला मान भैय्याजींचा. सोसायटीचे अध्यक्ष, मोहल्ल्यात वडीलधारे, कोणाचं लग्न जुळवायचं, कोणाचं भांडण मिटवायचं, सगळं त्यांच्या ओसरीवर. थोरल्यांनी आधी बोलायचं ते धाकट्यांनी शिकावं म्हणून. आम्ही शिकलोच. भैय्याजी पक्का म्हणाले की ओळीच्या शेवटापर्यंत पक्काच.

त्या साली लाल सूत आलं. ते रंगवणारा रंगारी भैय्याजींनी स्वतः निवडलेला होता. तुझ्या-माझ्या आधी बावीस जणांनी पक्का म्हटलं. मग लडी माझ्याकडे आली. चोळली आणि माझी दोन बोटं लाल झाली, देवाजी. मी ती पाहिली. मनात आलं, बावीस माणसं आंधळी थोडीच आहेत? पानाचा रंग असेल. मी पान खात नाही, हे तुला ठाऊक आहे. मी पक्का म्हणालो आणि लडी तुला दिली. तू चार महिन्यांनी धाकटा, सगळ्यांत शेवटचा. तू चोळलीस आणि शांतपणे म्हणालास, "रंग कच्चा आहे, भैय्याजी. उतरून राहिला."

भैय्याजी रागावले नाहीत, हसले. मला विचारलं, "काहून गा बाबन, तुले दिसला का उतरतानी?" माझी मूठ मांडीखाली होती. मी म्हणालो, नाही जी. सगळे हसले. मीही हसलो.

पुढचं तुला काय सांगायचं! पोळ्याच्या आधीच लुगडी परत आली, पहिल्याच धुण्यात पांढरे काठ गुलाबी झालेले. रंग कच्चा होता असं एकही माणूस म्हणाला नाही. आधी कोणी म्हणालं, देवाजीची जीभ काळी. संध्याकाळपर्यंत ठरलं की सूत भिजवताना त्यानंच पाण्यात सोडा टाकला, म्हणून रंग उतरला. ज्यांची बोटं लाल झाली असतील त्यांनाही ते पटलं. आणि ऐक, मलाही पटलं. काही महिन्यांतच मला माझी बोटं कोरडीच आठवायला लागली. लग्नानंतर वच्छलाला मी तशीच गोष्ट सांगितली. खोटं बोलत नव्हतो गा, खरंच तसं आठवायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक तुमच्या दारावरून गेली. इडापीडा घेऊन जा म्हणता म्हणता पोरं ओरडत होती, "देवाजीची नजर घेऊन जा गे मारबत!" तू काकूंना घेऊन दारात उभा होतास. मी तिसऱ्या ओळीत होतो. माझंही तोंड उघडं होतं, तू पाहिलंस. चार दिवसांनी तुम्ही कोराडीला निघून गेलात. काकू वारल्याचं कळलं, तेव्हा मी आलो नाही. लाज वाटली, आणि कोणी पाहिलं असतं याची भीतीही वाटली.

आता सोसायटीला पंचवीस वर्षं होतात. स्मरणिका निघणार आहे. अक्षर बरं म्हणून इतिहास मी लिहायचा. त्यात एक वाक्य भैय्याजींनी सांगून घातलं, एका सभासदानं द्वेषापोटी सूत बिघडवलं. पुढे तुझं नाव, वडिलांच्या नावासकट. परवा सभेत मजकूर वाचला आणि प्रत्येकाला विचारलं, थोरल्यापासून. मी आता नववा आहे. मी म्हणालो, बरोबर.

घरी येऊन जेवायला बसलो. वच्छलाला पहिल्यांदा खरं सांगितलं. तिनं माझ्यापुढचं ताट उचलून नेलं. आमच्या चारुशीलेची सोयरीक भैय्याजींच्या नातवाशी ठरली आहे, दसऱ्यानंतर लग्न. म्हणून बरोबर म्हणालो, असं तुला सांगता आलं असतं. पण एकोणीस वर्षांपूर्वी मला कुठे लेक होती?

इथवरची सगळी पानं आज दुपारी चारुशीलेनं वाचली. म्हणाली, "मोडली तं मोडू द्या, बाबा. त्या घरात मलेही जन्मभर मान डोलवा लागन." मग चूल पेटवून सुताला लावतो तशी खळ शिजवायला बसली. या पत्राची दुसरी प्रत मी काढली आहे, एक अक्षर न बदलता, खाली माझ्या पूर्ण नावानं. उद्या सकाळी आम्ही दोघं ती सोसायटीच्या दारावर चिकटवतो. तुझ्या हाती हे पडेल तोवर सगळ्या मोहल्ल्यानं वाचलेलं असेल. तुझ्याआधी त्यांनी वाचलं, याचा राग धरू नकोस. तुझी माफी मला एकट्यात मागायची नव्हती.

तुझाच,
बाबन